टेंभुर्णीवरचा घाव आणि विदर्भाची बीडी

१/ नागपूर-कामठीच्या कामगार चळवळीच्या इतिहासात बीडी कामगारांचा उल्लेख वारंवार येतो. त्या बीडीचे पान कुठून येत असे, हे मात्र क्वचितच विचारले जाते. उत्तर विदर्भाच्या जंगलात, दरवर्षी कापल्या जाणाऱ्या एका झुडपाच्या बुडाशी आहे. त्याविषयी हा थ्रेड.

२/ बीडी वळली जाते ती तेंदूच्या पानात. तेंदू म्हणजेच मराठीतली टेंभुर्णी, आबनुसाच्या कुळातील झाड. वाढू दिले तर त्याचा वृक्ष होतो आणि उन्हाळ्यात गोड टेंभरं लागतात. परंतु त्याचे जून पान चामड्यासारखे राठ असते. बीडीला हवे असते कोवळे, रुंद आणि लवचीक पान.

३/ असे पान मिळावे म्हणून केली जाते ती खुटकटाई. फेब्रुवारी-मार्चमध्ये टेंभुर्णीची लहान झुडपे जमिनीलगत कापतात. सुमारे ४०-४५ दिवसांत नव्या धुमाऱ्यांवर पाने तयार होतात. पावसाळ्यापूर्वी ती तोडून, ७० पानांचा एक पुडा बांधून संकलन केंद्रावर नेतात.

४/ कापलेले झुडूप इतक्या जोमाने का फुटते? वाढत्या शेंड्यात ऑक्सिन नावाचे संप्रेरक तयार होते आणि ते खालच्या डोळ्यांना निद्रिस्त ठेवते. शेंडा गेला की हा अंकुश सुटतो व डोळे जागे होतात. मुळांतला सगळा अन्नसाठा मोजक्या धुमाऱ्यांच्या वाट्याला येतो. म्हणून पान मोठे होते.

५/ प्रत्येक झाडाला हे साधत नाही. नारळाचा किंवा ताडाचा शेंडा छाटला, तर झाडच मरते. कारण त्याचा वाढीचा कोंब एकच असतो. टेंभुर्णीच्या मुळांनाही नवे कोंब फुटतात. त्यामुळे कुऱ्हाड, वणवा आणि गुरे यांतूनही ती तग धरते.

६/ १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला आणि नागपूर त्याची राजधानी बनले. सरकारी वनव्यवस्थेत मान होता सागवानासारख्या इमारती लाकडाला. विसाव्या शतकात बीडीचा धंदा विस्तारला, तसे झुडपाच्या पानालाही बाजारात मोल आले.

७/ ते मोल कष्टकऱ्यांपर्यंत किती पोहोचले? कामठीचे बाबू हरदास यांनी बीडी कामगारांना संघटित केले. १९३७ च्या निवडणुकीत ते मध्य प्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळात निवडून आले. 'जय भीम' हे अभिवादन रूढ करण्याचे श्रेयही त्यांनाच दिले जाते.

८/ स्वातंत्र्यानंतर पानाचा व्यापार सरकारने हाती घेतला. मध्य प्रदेशाने १९६४ मध्ये, तर महाराष्ट्राने १९६९ मध्ये त्यासाठी कायदा केला. पाने तोडणारे गावकरी मजूरच राहिले. सौदा सरकार आणि ठेकेदार यांच्यात होऊ लागला.

९/ १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रांत गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेकडे सोपवण्याची दिशा दिली. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाच्या व्याख्येत तेंदूपानांचा नावानिशी समावेश केला. पुढे गडचिरोलीतील अनेक ग्रामसभा तेंदूचे लिलाव स्वतः करू लागल्या.

१०/ चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावाने वेगळी वाट धरली. २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाल्यावर या ग्रामसभेने तेंदूची तोड बंद ठेवण्याचे ठरवले. तोडीसाठी होणारी छाटणी आणि लावल्या जाणाऱ्या आगी त्यांना नको होत्या. त्यांनी उत्पन्नासाठी बांबूवर भर दिला. टेंभरं माणसांना आणि पाखरांना राहिली.

११/ दोन्ही निर्णयांना किंमत आहे. तेंदूचा हंगाम म्हणजे ऐन उन्हाळ्यात, शेतीची कामे नसताना हाती येणारी रोकड. ती सोडणे प्रत्येक गावाला परवडत नाही. उलट, दरवर्षी बुडातून कापले जाणारे झुडूप पाने देते, पण फळावर येत नाही. वारंवारच्या आगीत कोवळी रोपेही जळतात.

१२/ घाव घातला की फुटणे हा टेंभुर्णीचा स्वभाव आहे. तो शंभर वर्षांपूर्वी होता तसाच आजही आहे. बदलत गेला तो घाव कधी घालायचा, आणि घालायचा की नाही, हे ठरवण्याचा अधिकार. विदर्भातल्या जंगलाचा इतिहास वाचताना या अधिकाराचा माग अवश्य काढावा.