बार्शी लाइटनं रामलिंगला

एका दिवसात जाऊन यायचं आणि वाहत्या पाण्यात पाय बुडवायचे, एवढी अट असेल तर येडशीच्या आसपासच्या माणसाला समुद्राचा नाद सोडावा लागतो. कोकणकिनारा गाठायचा म्हणजे रात्रीचा प्रवास आला, परतीची दुसरी रात्र आली. बालाघाटावरच्या गावांनी यावर फार पूर्वीच तोड काढली आहे: श्रावण, सोमवार आणि रामलिंग. दुष्काळी मुलखात पाणी विहिरीच्या तळाशी दिसतं, हंड्यात दिसतं, खळाळताना क्वचितच. म्हणून इथला माणूस सहल काढतो ती वाहतं पाणी बघायला. आजच्या येडशीत ती तुमची तुम्हाला करता येईल. मी तुम्हाला १९३५ मध्ये नेतो.

तारीख १२ ऑगस्ट, श्रावणातला दुसरा सोमवार. तुम्ही बार्शीच्या स्टेशनात उभे आहात. रात्रीच्या पावसानं फलाट ओला आहे आणि माणूस मावत नाही. नऊवारी लुगडी, मुंडाशी, गांधी टोप्या, कडेवरची पोरं, फडक्यात बांधलेले डबे. तुमच्याही हातात डबा हवा. मोठ्यांसाठी भगर आणि उकडलेली रताळी, कारण सोमवार आहे. पोरांसाठी दुधातल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. उपास संध्याकाळी सुटायचा.

गाडी येते तेव्हा पहिल्यांदा तिचा आकार बघा. रुळांची रुंदी अवघी अडीच फूट. दोन्ही पाय फाकून तुम्ही दोन रुळांवर उभे राहू शकाल, पण स्टेशनमास्तरच्या देखत नको. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरनं ही लाइन, बार्शी लाइट रेल्वे, मनात धरली आणि वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. १८९४ मध्ये त्यानं लीड्सजवळच्या न्यूले इथं आपल्या छोट्या गाडीचं प्रात्यक्षिक भरवलं. १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत गाडी धावली. त्याची युक्ती साधी होती: वजन सगळ्या आसांवर सारखं वाटायचं आणि कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही. म्हणजे यार्डाला तीस पौंडांचा हलका रूळ पुरतो, खर्च आवाक्यात राहतो आणि मोठ्या रेल्वेनं ज्याकडे पाहिलंही नसतं अशा मुलखात आगगाडी पोचते. १९०७ मध्ये ती तडवळ्यापर्यंत गेली, १९११ मध्ये लातूरला. ज्या इंजिनाचा धूर तुमच्या डोळ्यांत जातो आहे, तसली इंजिनं लीड्सच्या किटसन कारखान्यात घडली. हाच कॅलथ्रॉप पुढे विमानातून उडी टाकणाऱ्यांसाठी पॅराशूट बनवण्यामागे लागला. १९३५ मध्ये त्याला जाऊन आठ वर्षं झाली आहेत.

डब्यात शिरा. जागा मिळणार नाही असं वाटेल, पण मिळेल. खिडकीशी बसलेली एक आजी लुगड्याचा पदर सावरत म्हणते, "सरक की गं पोरी, लेकराला टेकू दे." तुम्ही चाळिशीचे असलात तरी तिच्या लेखी लेकरूच. समोर एक म्हातारे गृहस्थ सोवळ्याची पिशवी मांडीवर घेऊन बसलेत. दाराजवळ खाली एक कुटुंब बसलं आहे: नवरा, बायको, दोन मुली. त्यांनी अंग चोरलं आहे, आणि बाकावरची माणसं त्यांच्या बाजूला पाय सोडत नाहीत. तिकीट सगळ्यांचं तिसऱ्या वर्गाचंच. एवढी बरोबरी कॅलथ्रॉपच्या गाडीनं केली. बाकीची देवळाच्या पायऱ्यांपर्यंत पोचलेली नाही. हे तुम्हाला दुपारी दिसेल.

पांगरी मागे पडलं की चढ लागतो. इंजिन धापा टाकतं, वेग उतरतो, कोळशाची कणी डोळ्यात जाते. दोन्ही बाजूंना हिरवं. पळस, आपटा, बोरी आणि सीताफळीची झुडपं. सीताफळं लागलीत, पण त्यांचे डोळे अजून उघडायचेत. दसऱ्याच्या सुमाराला या. कुठं तरी मोर ओरडतो आणि डब्यातली सगळी पोरं एका खिडकीवर पडतात. इथं घाई करू नका. पुढं कधी तरी तुम्ही हाच घाट मोटारीनं काही मिनिटांत ओलांडाल आणि तुम्हाला यातलं काही दिसणार नाही.

याच चढावर तुम्ही राज्य ओलांडता. बार्शी इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात, सोलापूर जिल्ह्यात. येडशी निजामाच्या हैदराबाद संस्थानात, उस्मानाबाद जिल्ह्यात. खालच्या गावात सन १९३५, वरच्या गावच्या सरकारी कागदावर फसली १३४४. खाली मामलेदार, वर तहसीलदार. सरहद्दीवर मालाला करोडगिरी, म्हणजे जकात, लागते. तुमच्या दशम्यांना कोणी हात लावणार नाही, पण विकायला कापड नेणारा माणूस गाठोडं पायाखाली सरकवतो आहे, ते बघून ठेवा.

येडशीला उतरलात की पहिलं काम नाण्यांचं. तुमच्या खिशात कलदार, पंचम जॉर्जच्या मुंडक्याचा. इथं चालतो हाली सिक्का, त्यावर चारमिनार. सहा कलदारांना सात हाली असा हिशेब, पण स्टेशनाबाहेरचा नारळवाला तो हिशेब गिऱ्हाईक बघून करतो. आजी त्याच्याशी दहा मिनिटं भांडते. तुम्ही मध्ये पडू नका. तुमच्यापेक्षा तिचं गणित पक्कं आहे. चारमिनारचं एक नाणं मात्र हातात घेऊन बघा. आणि निजामाच्या टपालाचं तिकीट लावून बार्शीला पत्र टाकायचा मोह झाला तर आवरा. ते तिकीट संस्थानाच्या हद्दीबाहेर चालत नाही.

उस्मानाबाद शहराला १९३५ मध्ये रेल्वे नाही. तिथल्या माणसालाही गाडी धरायची तर येडशी गाठावी लागते. म्हणून या लहानशा स्टेशनाबाहेर टांगे आहेत, छकडे आहेत, वकील आहेत, पेन्शनीत निघालेले कारकून आहेत. सोमवारी त्यात यात्रेकरूंची भर. छकडा करू नका. रामलिंगला चालत जायचं.

वाटेत पठाराच्या कडेवर थांबा आणि पूर्वेकडे बघा. इथं पडलेल्या पावसाची वाटणी होते. बार्शीच्या अंगाला उतरलेलं पाणी भोगावती, सीना, भीमा करत कृष्णेला मिळतं. पलीकडचं तेरणा आणि मांजरा करत गोदावरीला. तेरणेच्या काठी, इथून जवळच, तेर आहे, गोरोबाकाकांचं. १९०१ मध्ये फ्लीट या विद्वानानं दाखवून दिलं की ग्रीक लेखनातलं तगर म्हणजे हेच तेर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात लिहिलंय की भडोच बंदरापासून पैठण वीस दिवसांवर, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. त्यातच लिहिलंय की या मुलखातून साधं कापड आणि तलम मलमल गाड्यांत भरून, रस्ते नसलेल्या रानातून बंदराला जाते, आणि किनाऱ्याकडचा मालही तगरमध्ये येऊन पडतो. महिनाभर बैल हाकायचे तेव्हा समुद्र. तुम्ही आज ज्या गाडीतून आलात, तिच्या वाघिणीही लातूर-बार्शीचा कापूस कुर्डुवाडीला मोठ्या रेल्वेत चढवतात, मुंबईच्या दिशेनं. दोन हजार वर्षं या पठारावरचा माल समुद्राकडे जातो आहे. माणूस मात्र रामलिंगला जातो.

आता उतरा. पायऱ्या ओल्या आहेत, चपला हातात घ्या. आवाज आधी येतो, पाणी नंतर दिसतं. दोन्ही बाजूंना डोंगर, मधे दरी, दरीत देऊळ, आणि देवळाला वळसा घालून धावणारा ओढा. वरच्या अंगाला कड्यावरून धार कोसळते आहे. पाणी मातकट तांबूस, थंडगार. आजीबरोबरची नात, सात-आठ वर्षांची, पायरीवरच थबकते. तिनं एवढं पाणी एका ठिकाणी आजवर पाहिलेलं नाही. ती विचारते, "आज्जे, हे संपत नाही?" आजी उत्तर देत नाही. तिला ओढत पाण्यात नेते, परकर गुडघ्यापर्यंत खोचते आणि तिच्या डोक्यावर ओंजळ ओतते. पोरगी आधी किंचाळते, मग हसते, मग बाहेर यायलाच तयार होत नाही.

तुम्हीही शिरा. गोटे गुळगुळीत आहेत, पाय टेकवून चाला. धारेखाली उभं राहण्यासाठी रांग नाही, रेटारेटी आहे. पाणी खांद्यावर आदळतं तेव्हा श्वास जातो. शेजारी मिशीवाला पाटील लहान मुलासारखा ओरडतो आहे. असं ओरडायची मुभा त्याला गावात वर्षभर मिळत नाही. विलायतेत रेल्वेनं लँकेशायरच्या गिरणीकामगाराला एका दिवसात समुद्र दाखवला. कॅलथ्रॉपनंच तिकडे मॅनिफोल्ड दरीत १९०४ मध्ये अशीच छोटी लाइन घातली होती, ती सहलीच्या माणसांना डोंगरात नेई आणि १९३४ मध्ये बंद पडली. त्याची बार्शीची गाडी आज भरून आली आहे. माणसानं वर्षातून एकदा तरी भरपूर पाण्यात उभं राहावं, ही गरज लँकेशायरमध्ये आणि बालाघाटात एकच आहे, असं मला मनापासून वाटतं. आपण तिला यात्रा म्हणतो, म्हणून तिच्यातली सहल कोणी मोजत नाही.

दर्शनाच्या रांगेत सोवळ्याचे गृहस्थ तुमच्या पुढे आहेत. ते कथा सांगतात, न विचारता. सीतेला पळवून नेणाऱ्या रावणाशी जटायू इथं झुंजला आणि इथंच पडला. रामानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, पाणी मिळेना म्हणून बाण मारला आणि जमिनीतून पाणी काढलं. जटायूची समाधी ते बोटानं दाखवतात. इगतपुरीकडच्या टाकेदलाही हीच कथा सांगतात, आणि त्यात वाद घालण्यासारखं काही नाही. पण इथं सांगताना आवाज चढतो तो युद्धाच्या भागाला नाही, पाण्याच्या भागाला. मरणाऱ्याच्या तोंडात दोन थेंब पडले, हे या मुलखाला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

बेल वाहा, नारळ फोडा, पण खोबरं लगेच पिशवीत टाका. वानरांची टोळी कठड्यावर बसलेली आहे आणि तिला तुमच्याइतकीच कथा पाठ आहे. बाहेर चुरमुरे, बत्तासे, रेवड्या, कासाराकडे बांगड्या. नातीला हिरव्या बांगड्या घ्या. चारमिनार तिथं खर्चा.

मग गाडीत दाराजवळ बसलेलं ते कुटुंब शोधा. ते खालच्या अंगाला, ओढ्याच्या वळणापलीकडे बसलेत. मुली पाण्यात खेळतायत. नवऱ्यानं लांबूनच शिखराला हात जोडले आहेत. त्या वर्षी बहुतेक देवळांची दारं त्याच्यासारख्यांना बंद आहेत, आणि ओढ्यातही वरचं पाणी एकाचं, खालचं दुसऱ्याचं. तुम्हाला जे माहीत आहे ते त्याला माहीत नाही. दोनच महिन्यांनी, १३ ऑक्टोबरला, बाबासाहेब आंबेडकर येवल्यात जाहीर करतील की आपण हिंदू म्हणून मरणार नाही. साडेपाच वर्षांनी, १९४१ च्या फेब्रुवारीत, याच लाइनवर येडशीच्या पुढे असलेल्या कसबे तडवळ्यात महार-मांग वतनदारांची परिषद भरेल आणि बाबासाहेब स्वतः येतील. कदाचित हा माणूस तिथं असेल, मुलींना घेऊन. तुम्ही त्याला काही सांगू नका, पण त्याच्या शेजारी बसा. डबा उघडा. दशमी पुढे करा. तो आधी इकडंतिकडं बघेल. हात मागे घेऊ नका.

परतीची गाडी उशिरा येणार, हे येडशीच्या फलाटावर सगळ्यांनी धरलेलंच आहे. तोवर ज्यांना तुम्ही भेटलात त्यांच्या पुढच्या गोष्टी तुमच्या डोक्यात फिरत राहतील. १५ ऑगस्ट १९४७ ला बार्शीत तिरंगा चढेल आणि हा चढ स्वतंत्र देशाची हद्द होईल. येडशी आणखी वर्षभर निजामाकडे राहील, रझाकारांच्या दहशतीत. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरतील, १७ ला निजाम शरण येईल. १९५४ मध्ये सरकार ही गाडी कंपनीकडून ताब्यात घेईल. १९९७ मध्ये हे रान अभयारण्य होईल, सुमारे २२ चौरस किलोमीटरचं, आणि २०२४ च्या डिसेंबरात यवतमाळच्या टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत आलेला एक वाघ इथल्या कॅमेऱ्यांत दिसेल. २००८ मध्ये साडेपाच फुटांचा रूळ पडेल, गाडी थेट उस्मानाबाद शहरातून जाईल. वेग वाढेल, ते चांगलंच. जिल्ह्याच्या गावाला शंभर वर्षं थांबावं लागलं होतं.

गाडी येते. उतारावर ती सुसाट वाटते, म्हणजे सकाळच्या मानानं. नात मांडीवर झोपली आहे, केस अजून ओले. सोवळ्याचे गृहस्थ पिशवी उशाला घेतात. बार्शीत उतरेपर्यंत अंधार पडलेला असतो आणि उपास सोडायची वेळ टळून गेलेली असते, पण आजीला त्याचं काही नाही. ती फलाटावर पोरं मोजते, डबे मोजते आणि सुनेला बजावते, "पुढच्या सोमवारी नारळ इथूनच न्यायचा गं. वर हालीत महाग पडतोय."