सोमॅटोस्टॅटिन : पुनःसंयोजित निर्मितीचा इतिहास

सूक्ष्मजंतूंकडून तयार करून घेण्यात आलेले पहिले मानवी हॉर्मोन. १४ ॲमिनो अम्लांची ही लहानशी शृंखला जठर, आतडे, अग्निपिंड व मेंदू यांत तयार होते आणि गॅस्ट्रिन, इन्शुलिन, वृद्धी हॉर्मोन इत्यादींच्या स्रवणास आळा घालते. शरीरातील तिचा बहुतेक साठा पचनमार्गात असतो. तथापि १९७३ मध्ये ती प्रथम वेगळी करण्यात आली ती मेंढ्यांच्या मेंदूतील अधोथॅलॅमसापासून. हे कार्य कॅलिफोर्नियातील साल्क इन्स्टिट्यूटमध्ये रॉजर गीयमँ यांच्या गटाने केले. मेंढी व मानव यांच्यातील हे हॉर्मोन एकच आहे.

कॅलिफोर्नियातच केईची इटाकुरा, आर्थर रिग्ज व हर्बर्ट बॉयर यांनी ते सूक्ष्मजंतूंत निर्माण करण्याचे ठरविले. त्यांनी मानवी जीन मिळविला नाही. ॲमिनो अम्लांचा क्रम ज्ञात असल्याने त्यानुसार जीनच रासायनिक रीतीने तयार केला व प्लाझ्मिडाद्वारे एशेरिकिया कोलाय या आंत्रजंतूत घातला. पहिल्या प्रयत्नात हॉर्मोनाचा मागमूसही लागला नाही. जंतूची स्वतःची एंझाइमे अशी परकी, आखूड शृंखला तोडून टाकीत असावीत, असा निष्कर्ष निघाला. त्यावरील उपाय या इतिहासातील सर्वांत कल्पक भाग होय : हॉर्मोनाचा जीन जंतूच्याच बीटा-गॅलॅक्टोसिडेज या हजाराहून अधिक ॲमिनो अम्लांच्या प्रथिनाच्या जीनाच्या शेवटाजवळ जोडण्यात आला व दोहोंच्या सांध्यात मिथिओनिनाचा संकेत ठेवण्यात आला. मोठ्या प्रथिनाच्या आश्रयाने हॉर्मोन टिकले. सायनोजेन ब्रोमाइड मिथिओनिनापाशीच शृंखला तोडते आणि सोमॅटोस्टॅटिनात मिथिओनिन मुळीच नसते. त्यामुळे ते अखंड सुटे झाले. हे संशोधन डिसेंबर १९७७ मध्ये प्रसिद्ध झाले.

पुनःसंयोजित डीएनए संशोधनावर कायद्याने निर्बंध घालावेत काय, हा वाद अमेरिकेत त्या वर्षी तीव्र होता. गीयमँ यांना ५ मिलिग्रॅम हॉर्मोनासाठी सुमारे ५ लाख मेंढ्यांचे मेंदू लागले, तर तेवढेच हॉर्मोन सुमारे ८ लिटर जंतुसंवर्धनातून मिळाले, असा हिशोब तेथील सिनेटच्या समितीपुढे मांडला गेला. हा दाखला प्रभावी खरा. परंतु एवढी आखूड शृंखला निव्वळ रासायनिक संश्लेषणानेही बनविता येते. शिवाय रक्तात ती काही मिनिटांतच नष्ट होते. म्हणून औषध म्हणून पुढे रूढ झालेले ऑक्ट्रिओटाइड हे तिचे ८ ॲमिनो अम्लांचे दीर्घजीवी प्रतिरूप रासायनिक रीतीनेच तयार केले जाते. पद्धतीचा खरा लाभ लांब शृंखलांना झाला. १९७८ मध्ये मानवी इन्शुलिनाच्या दोन्ही शृंखला याच रीतीने जंतूंत बनविण्यात आल्या व १९८२ मध्ये ते इन्शुलिन रुग्णांसाठी उपलब्ध झाले.