जाग्वारचें कातडें

जाग्वार हें नांव ऐकतांच आपल्याकडील श्रोत्याच्या डोळ्यांपुढें बिबट्या उभा राहतो, आणि तें स्वाभाविकहि आहे. पिवळसर अंग, त्यावर काळे ठिपके आणि मार्जारकुलाची तीच दबकी चाल. परंतु बिबट्या हा आशिया व आफ्रिका या खंडांचा रहिवासी. जाग्वार केवळ अमेरिकेचा. मेक्सिकोपासून अर्जेंटिनाच्या उत्तर भागापर्यंतचीं रानें हें त्याचें मुख्य वसतिस्थान. त्याचा बांधा बिबट्याहून जड, डोकें मोठें, पाय आंखूड. आणि अंगावरील काळ्या कड्यांच्या आंत पुन्हां बारीक ठिपके. या ठिपकेदार कातड्याशीं मनुष्याचा तीन हजार वर्षांचा इतिहास निगडित आहे.

प्रथम त्या प्राण्याची राहणी पाहिली पाहिजे. कारण मनुष्यानें त्याला देवत्व दिलें तें त्या राहणीमुळेंच. जाग्वार एकटा राहतो आणि बहुधा संधिप्रकाशांत व रात्रीं हिंडतो. मांजराच्या जातीला पाण्याचें वावडें असतें हा समज त्याच्या बाबतींत खोटा ठरतो. रुंद नद्या तो सहज पोहून जातो. पेकरी नांवाचीं रानडुकरासारखीं जनावरें, हरणें, उंदराच्या कुळांतील पण डुकराएवढा थोराड कॅपीबारा, इतकेंच नव्हे तर केमन नांवाची मगरहि त्याचें भक्ष्य होते. वाघ व सिंह मोठ्या सावजाचा बहुधा गळा धरतात. जाग्वार पुष्कळदां सरळ कवटीच फोडतो. जर्मन शास्त्रज्ञ अलेक्झांडर हम्बोल्ट हे १८०० सालीं ओरिनोको नदीवर गेले, तेव्हां जाग्वार कासवांना उताणें पाडून कवचांतील मांस कसें साफ काढून घेतो, हें त्यांनीं नमूद करून ठेवलें. मादीला बहुधा दोन पिलें होतात. तीं सुमारें दोन वर्षें आईजवळ राहून शिकार शिकतात. नराचा त्या संगोपनांत कांहींच वांटा नसतो.

जो काळोखांत पाहतो, जो जमिनीवर, पाण्यांत आणि झाडावरहि वावरतो, तो प्राचीन अमेरिकनांना सामान्य पशु वाटणें शक्यच नव्हतें. मेक्सिकोच्या आखाताकांठीं इ. स. पूर्व १२०० च्या सुमारास ओल्मेक संस्कृति उदयास आली. तिच्या शिल्पांत मनुष्य व जाग्वार यांचा संकर भासणाऱ्या आकृति आढळतात. माया लोकांच्या भाषेंत जाग्वारला 'बलाम' म्हणत, आणि हा शब्द राजांच्या नांवांतहि येई. राजे त्याचें कातडें पांघरीत व त्यावर बसत. चिचेन इत्झा येथील मोठ्या पिरॅमिडच्या पोटांत जाग्वारच्या आकाराचें तांबडें सिंहासन सांपडलें. त्याच्या अंगावरील ठिपके हिरव्या जेड दगडाचे आहेत. पुढें अॅझ्टेक लोकांनीं या ठिपक्यांची कथाच रचली. ती अशी कीं, पांचव्या सूर्याच्या जन्मवेळीं गरुड व जाग्वार यांनीं अग्नींत उडी घेतली. गरुडाचीं पिसें करपलीं आणि जाग्वार अंगावर काळे डाग घेऊन बाहेर आला. म्हणून त्यांच्या निवडक वीरांचे गरुडवीर व जाग्वारवीर असे दोन मानाचे वर्ग असत.

परंतु पूज्यता म्हणजे अभय नव्हे. होंडुरासमधील कोपान या माया नगरींत सोळाव्या राजानें इ. स. ७७६ मध्यें एक वेदी स्थापिली. तिच्या चारी बाजूंस सोळा राजांच्या आकृति कोरलेल्या आहेत. आणि तिच्याजवळच एका दगडी कोठडींत पंधरा मोठ्या मार्जारांचीं हाडें मिळालीं. पूर्वीच्या प्रत्येक राजामागें एक बळी, असा त्याचा अर्थ लावला जातो. कोपानमधील अशा हाडांचें रासायनिक परीक्षण २०१८ सालीं प्रसिद्ध झालें. त्यावरून असें दिसतें कीं, तेथील कांहीं जाग्वार व प्यूमा हे बंदिवासांतच, मनुष्यानें दिलेल्या मांसावर वाढले होते. ज्याला देव मानिलें, त्यालाच कोंडून ठेवून वेदीवर मारिलें.

१५१९ सालीं एर्नान कोर्तेस मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला आणि १५२१ सालीं अॅझ्टेकांची राजधानी पडली. जुनें देवत्व लयास गेलें. नवें वैर सुरू झालें. युरोपियनांनीं गुरें आणलीं, कुरणांसाठीं रानें तोडलीं, आणि गुरांवर झडप घालणारा जाग्वार गुराख्यांचा शत्रु ठरला. मोठमोठे पाहुणेहि त्याच्या शिकारीस येऊं लागले. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट हे १९१३ सालीं ब्राझीलमध्यें आले, त्यांनींहि जाग्वार मारला. पुढें १९६० नंतरच्या दशकांत श्रीमंत स्त्रियांच्या कोटांसाठीं दरवर्षीं हजारों कातडीं परदेशीं जाऊं लागलीं. पूर्वीं जें राजचिन्ह होतें, तें दुकानांतील माल झालें. ब्राझीलनें १९६७ सालीं वन्य पशूंच्या शिकारीचा धंदा बेकायदा ठरविला, आणि १९७३ सालीं वॉशिंग्टन येथें झालेल्या आंतरराष्ट्रीय करारानें अशा कातड्यांच्या परदेशी व्यापारास आळा बसला. तथापि तोंवर फार हानि झाली होती. एल साल्व्हादोर व उरुग्वे या देशांतून तर जाग्वार नाहींसा झाला आहे.

यानंतर त्याच्याकडे पाहण्याची दृष्टि बदलूं लागली. १९८३ सालीं अॅलन रॅबिनोविट्झ हे तरुण प्राणिशास्त्रज्ञ बेलीझ देशांतील कॉक्सकोंब खोऱ्यांत गेले. जाग्वारच्या गळ्यांत रेडिओचा पट्टा बांधून त्यांनीं त्याचा माग काढला, आणि १९८६ सालीं तेथें जाग्वारसाठीं अभयारण्य झालें. त्याचीहि किंमत कोणी तरी दिली. खोऱ्यांत राहणाऱ्या माया कुटुंबांना आपली वस्ती सोडावी लागली. पुढें त्यांच्यांतीलच माणसें त्या रानाचे रक्षक झालीं, म्हणजे ज्यांच्या पूर्वजांनीं बलामची पूजा केली, त्यांच्याच हातीं त्याची राखण आली. अर्जेंटिनामधील इबेरा पाणथळींतून जाग्वार सुमारें सत्तर वर्षें दिसेनासा झाला होता. २०२१ च्या जानेवारींत तेथें एक मादी व तिचीं दोन पिलें सोडण्यांत आलीं.

देव म्हणून, वैरी म्हणून, माल म्हणून, अशा तिन्ही रूपांत मनुष्यानें जाग्वारकडून त्याचें कातडेंच मागितलें. तें त्याच्याच अंगावर राहूं द्यावें, हा विचार अगदीं अलीकडचा आहे. तो टिकला, तरच त्या नद्यांच्या कांठीं त्याचीं पावलें पुढील पिढ्यांना दिसतील.