चिडखोर

अन्यायाची चीड येते, ती सात्त्विक मानतात. मग त्याच शब्दातून निघालेला ‘चिडखोर’ इतका हलका का? माझ्या मते सगळी करामत ‘खोर’ची आहे. फारसी ‘खुर्दन’ म्हणजे खाणे. त्यावरून हा प्रत्यय आला. लाचखोर खरोखरच लाच खातो. भांडखोरात मात्र खाणे विरून गेले आणि खोड तेवढी उरली. चिडखोराचेही तसेच: कारण काय, याला महत्त्व नाही, चिडण्याची सवय मोठी. ‘चीड येणे’ला अन्याय लागतो, याला चहात साखर कमी पडलेली पुरते.

कोणी म्हणेल, तापट आणि रागीट हेही स्वभावच दाखवतात. खरे आहे, पण ‘तापट आहे, पण मनाचा चांगला’ असे आपण सहज म्हणतो. चिडखोराला ही सवलत क्वचितच मिळते. शिवाय तापट माणसाला लोक बिचकतात, चिडखोराला चिडवतात. ‘चिडवणे’ हे चिडणेचेच प्रयोजक रूप, आणि त्यात खेळ आहे. मुले ‘चिडका बिब्बा’ म्हणतात तेही उगाच नाही: बिब्ब्याचे तेल नुसते कातडीला लागले तरी फोड उठतो.