वडगावचा बिस्किटांचा डबा : सामाईक भट्टी आणि गव्हाविना बिस्किटं

दिवाळी किंवा मे महिन्याची सुट्टी जवळ आली की आमच्या वडगावात एक काम ठरलेलं असायचं. आई पीठ, तूप, साखर मापून पिशवीत भरायची आणि आम्ही पोरं ते घेऊन बेकरीसमोर नंबर लावून बसायचो. भट्टीवाले मामा मळून, ट्रेवर लावून भाजून द्यायचे. मजुरी किलोवर. संध्याकाळी पत्र्याचा डबा भरून बिस्किटं घरी यायची.

दोन वर्षांपूर्वी आमच्या नातीला सीलियाक असल्याचं निदान झालं. गहू, जव अशा धान्यांतलं ग्लुटेन तिला जन्मभर बंद. तिनं विचारलं, "आजोबा, तुमच्या त्या डब्यातलं बिस्किट मला चाललं असतं काय?"

आधी वाटलं, चाललं असतं की! आपलं जुनं खाणं कुठं गव्हाचं होतं? वडगाव, शहापूर, अनगोळचं शिवार वासाच्या बासमती भाताचं. पश्चिमेला खानापूरकडच्या पावसात नाचणा, पूर्वेच्या काळ्या मातीत जोंधळा. गव्हाची पोळी सणासुदीला. दिवाळीचे अनारसेसुद्धा तांदूळ-गुळाचे.

पण बिस्किटाची गोष्ट वेगळी. ते कॅम्पातल्या पावासारखंच मैद्याच्या घरातलं. १९५६ साली अमेरिकेशी पीएल-४८० खाली करार झाला, तो गहू पुढं रेशनवर आला आणि पोळी रोजच्या ताटात बसत गेली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, ही आठवण इथं कुणाला सांगायला नको.

गव्हाचा हा दोष उमगायलाही एक टंचाईच कामी आली. विल्लेम-कारेल डिके हे हॉलंडमधले बालरोगतज्ज्ञ. गव्हाबद्दलची शंका त्यांना १९३० च्या दशकापासूनच होती. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथं भीषण उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला. एरवी खंगणारी सीलियाकची मुलं त्या काळात सुधारली आणि पाव परत आल्यावर पुन्हा बिघडली. १९५० साली डिके यांनी हे प्रबंधात मांडलं. बाकीच्यांना उपाशी ठेवणारा काळ या मुलांना मानवला होता.

आता नातीच्या प्रश्नाचं उत्तर. नाही, चाललं नसतं. आईनं नुसत्या नाचण्याचं पीठ दिलं असतं तरीही नाही. कारण गिरण सगळ्यांची एकच. आधीच्या बाईचे गहू दळून झाले की त्याच जात्यात आपला नाचणा पडायचा. भट्टीतही तेच ट्रे, तीच परात, मैद्यानं माखलेलं तेच फळकूट. भारतातल्या नियमाप्रमाणे ग्लुटेन-मुक्त पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. किलोभर पिठात गव्हाची चिमूट पडली तरी ती मर्यादा ओलांडते. जी भट्टी गल्लीला एकत्र आणायची, तीच या पोरीला बाहेर ठेवणारी ठरली असती.

म्हणून आता बिस्किटं घरीच. धान्य निवडून, धुऊन, वाळवून घरच्या छोट्या चक्कीवर दळतो. त्या चक्कीत गहू कधीच घालत नाही. १ वाटी नाचण्याचं पीठ मंद भाजून गार करायचं, त्यात अर्धी वाटी तांदळाची पिठी. अर्धी वाटी थिजलेलं तूप आणि तेवढीच पिठीसाखर हलकी होईपर्यंत फेसून त्यात पीठ आणि वेलची मिसळायची. ग्लुटेनचा चिकटपणा नसल्यानं गोळा फुटतो. लागलंच तर चमचाभर दूध, आणि अर्धा तास झाकून ठेवायचं. ओव्हनमध्ये १६० अंशांवर १५ ते १८ मिनिटं. ओव्हन नसला तर जाड बुडाच्या पातेल्यात मीठ पसरून, वर झाकण ठेवून. पूर्वी झाकणावर निखारे ठेवत, तीच रीत.

पहिला घाणा आम्ही गरम असतानाच उचलला आणि सगळा भुगा झाला. दुसरा गार होईपर्यंत हात लावला नाही, तो टिकला. बाजारात याला ग्लुटेन-फ्री कुकीज म्हणतात. नात त्याला "माझा डबा" म्हणते, आणि त्यात आम्ही कुणी गव्हाचा हात घालत नाही.

वडगाव, शहापूर, खासबागेतल्या जुन्या भट्ट्यांची कुणाला आठवण असेल, जुना डबा किंवा साचा घरात असेल, तर मंडळाला जरूर कळवा. त्या रांगेत न बसलेलं, बिस्किट न खाऊ शकणारं एखादं पोर तुमच्याही घरात होतं का, तेही लिहा.