खडकवासल्याचं पाणी आणि पाटाखालची जमीन



मार्च उजाडला की आमच्या दौंड भागात पारावर एकच विषय असतो, उन्हाळी आवर्तन कधी सुटणार. आणि शेवटी एकच वाक्य येतं, "पुण्यानं पाणी पळवलं." मीपण हेच म्हणायचो. पण मागचा इतिहास लावून बघितला तर वेगळंच दिसतं. जमीन आधी गेली, पाणी तिच्या मागोमाग गेलं.

पेशवाईत पुण्याला पाणी यायचं कात्रजच्या तलावातून. नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास ते काम केलं. जमिनीखालच्या दगडी नळातून पाणी शहरातल्या हौदांत यायचं. शहर पेठांपुरतं होतं, त्यामुळे गरजही हौदापुरतीच होती.

मग इंग्रजांनी १८७० च्या दशकात मुठेवर खडकवासला धरण बांधलं. इंजिनियर होते कर्नल फाईफ, तलावालाही त्यांचंच नाव दिलेलं. धरणाची कामं दोन. पुणे आणि खडकीच्या छावणीला पाणी द्यायचं, आणि कालव्यावर बागायत करायची. त्याच वेळी १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ पडला, त्यामुळे पाटाच्या पाण्याची किंमत सगळ्यांना कळली. उजवा कालवा हडपसर, मांजरी, लोणी करत पाटसकडं आला. हडपसर-मांजरीची जमीन उसाची आणि भाजीपाल्याची झाली. १९०३ साली विश्वेश्वरय्यांनी खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे बसवले, त्यामुळे साठा वाढला.

ह्याच विश्वेश्वरय्यांनी नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली. ऊस ठरवून दिलेल्या भागातच करायचा, बाकी जमिनीत कमी पाण्याची पिकं घ्यायची, आणि फेरपालट करायची. थोडक्यात, पाणी किती आहे ते बघून जमिनीत काय लावायचं ते ठरायचं. शंभर वर्षांपूर्वी शेतीसाठी हा विचार झाला होता. घरं बांधताना तो झाला का, हा माझा प्रश्न आहे.

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही फुटलं. नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या. पूरग्रस्तांसाठी लोकमान्यनगर, गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती झाल्या. तिथून शहर जुनी वेस सोडून पसरायला लागलं. धरणं पुन्हा उभी राहिली, पुढं वरसगाव आणि टेमघर झालं. चारही धरणांचा साठा मिळून साधारण २९ टीएमसी. नवा कालवा दौंड ओलांडून इंदापूरपर्यंत गेला. पाणी आलं म्हणून खाली आपणही ऊस वाढवला, हे कबूल केलं पाहिजे.

वरच्या अंगाला मात्र पाटाखालची जमीन एनए होत गेली. २००० च्या सुमारास मगरपट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी सुमारे ४०० एकर एकत्र करून स्वतःच नगर उभं केलं. तिथं निदान शेतकरी मालक राहिला. बाकी ठिकाणी गुंठ्या-गुंठ्यानं जमीन विकली गेली. २०११ च्या जनगणनेत महापालिकेची लोकसंख्या ३१ लाखांच्या वर होती. २०१७ ला ११ गावं आणि २०२१ ला आणखी २३ गावं हद्दीत घेतली. ह्यातल्या बऱ्याच गावांत इमारती आधी झाल्या, पाइपलाइन अजून यायची आहे. मधल्या काळात टँकर आणि बोअर.

लोक म्हणतात, शेती गेली तर तिचं पाणी वाचलं, तेच शहराला द्या. हिशेब करून बघा. पाटपाण्यावर एकरभर उसाला वर्षाला साधारण ८० लाख ते १ कोटी लिटर लागतं. त्याच एकरात १०० फ्लॅट झाले, घरटी चार माणसं धरली, तर ४०० माणसं. माणशी १३५ लिटरचं सरकारी प्रमाण धरलं तरी रोजचे ५४ हजार लिटर, वर्षाचे जवळजवळ २ कोटी. तेच एकरात १० बंगले असतील तर २० लाखांत भागतं, पण मग ४०० माणसांसाठी १० एकर बागायत जाते. जमिनीवर काय उभं राहतं त्यावर पाण्याचा आकडा ठरतो.

आकड्यापेक्षा मोठी गोष्ट दुसरीच आहे. दुष्काळ पडला तर मी ऊस मोडून बाजरी पेरतो, नाहीतर रान पड ठेवतो. शेताची तहान हंगामी आहे. इमारत पड ठेवता येत नाही. तिला रोज पाणी लागतं, दुष्काळात तर आधी लागतं. पिण्याचं पाणी पहिलं, हा नियम बरोबरच आहे. माणूस कुठंही राहिला तरी पाणी पिणारच. पण एकदा घरं उभी राहिली की ते पाणी कायमचं बांधलं जातं, आणि तुटीचा सगळा भार टेलच्या शेतकऱ्यावर येतो.

घरात वापरलेल्या पाण्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी म्हणून परत येतं. ते शुद्ध करून मुंढव्यातून जुन्या बेबी कालव्यात सोडायची योजना त्यासाठीच झाली. शुद्ध पूर्ण होऊन आलं तर तो आपला हक्काचा वाटा आहे. अर्धवट शुद्ध आलं तर रान आणि विहिरी दोन्ही खराब होतात.

सात-बाऱ्यावर आपली विहीर, बोअर, पीक सगळं लिहितात. जमीन एनए होताना तिथल्या माणसांचं पाणी कुठून येणार, कुणाच्या वाट्यातून येणार, हेही तसंच लिहिलं पाहिजे. विश्वेश्वरय्यांच्या ब्लॉकसारखंच, फक्त घरांसाठी.

हे आता पुण्यापुरतं राहिलं नाही. आमच्या चारीच्या कडेलाही प्लॉटिंगचा बोर्ड लागलाय, "मुबलक पाणी". चारी कोरडी आहे. सौद्याला बसाल तेव्हा दराच्या आधी एवढंच विचारा, पाणी कुणाचं?