पाढे सावकाराचे, अंगठा आपला

परवा आठवडी बाजारात चौथीतल्या लेकाला सोबत नेलं होतं. वांगी ६० रुपये किलो. सव्वा किलो घेतली. पोरगा माझ्या मोबाईलवर कॅल्क्युलेटर उघडेपर्यंत भाजीवाल्या आजी म्हणाल्या, "पंच्याहत्तर द्या, दादा." आजींनी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. आमचा लेक रोज रात्री तीसपर्यंत पाढे म्हणतो. घरी येईपर्यंत ही गोष्ट डाचत राहिली.

आपल्या पणजोबांच्या काळातल्या शाळेत पाढे म्हणजे नुसतं बे एके बे नव्हतं. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी अशी सगळी फौज होती. औट म्हणजे साडेतीन. 'औट घटकेचं राज्य' म्हणतो ना, तेच औट. हे अपूर्णांकांचे पाढे पंतोजींनी पोरांना छळायला काढले नव्हते. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, मणाचे ४० शेर, असा सगळा व्यवहार पाव-अर्ध्यावर चालायचा. सात आणे शेर गूळ, दीड शेर घेतला, की दिडकी येणारं पोर साडेदहा आणे तिथल्या तिथं सांगणार. घोकंपट्टी होतीच, पण सकाळी घोकलेलं संध्याकाळी दुकानात कामाला यायचं.

आता 'जुनं ते सोनं' म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं. पंतोजींच्या शाळेत बसायला मिळायचं कुणाला? मुलींना नाही. अस्पृश्य ठरवलेल्यांना नाही. बहुतेक कुणब्यांची पोरं गुरांमागे. ज्याला हिशेब यायचा त्याच्या हातात वही, ज्याला यायचा नाही त्याच्या हातात फक्त अंगठा.

समजा सावकार म्हणाला, "रुपयाला महिन्याला दोनच पैसे व्याज." किती किरकोळ वाटतं! पण तेव्हाच्या रुपयाचे पैसे ६४. वर्षाचे झाले २४ पैसे. म्हणजे शंभर रुपयांवर साडेसदतीस रुपये. हे गणित ज्याला मांडता येत नव्हतं, त्याची जमीन गेली.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी उठले. पुढे पुणे-नगरच्या अनेक गावांत हे लोण पसरलं. इतिहासात यालाच दख्खनचे दंगे म्हणतात. लोकांनी बहुतेक ठिकाणी माणसं मारली नाहीत. त्यांनी कर्जखतं आणि वह्या हिसकावून जाळल्या. जो कागद वाचता येत नाही, जो हिशेब तपासता येत नाही, त्याचं दुसरं काय करणार?

सरकारनं चौकशी नेमली आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांसाठी कायदा आणला. सावकारानं पावती द्यावी, हिशेब लिहून द्यावा, अशा तरतुदी त्यात होत्या. पण पावती वाचणार कोण? १८८२ मध्ये हंटर आयोगापुढच्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा म्हटलं, आणि त्या शिक्षणात मोडी-बाळबोध वाचन-लेखनाच्या जोडीला हिशेबही मागितला. माझ्या मते ही मागणी मार्कांसाठी नव्हती, जमीन वाचवण्यासाठी होती.

१ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले. पाठोपाठ शेर-मण जाऊन किलो आला. हिशेब सोपा झाला, चांगलंच झालं. पावकी-औटकी हळूहळू अंकलिपीतून गेल्या, त्याचं रडगाणं मी गाणार नाही. पण त्यांच्यासोबत शाळा आणि बाजार यांच्यातला रस्ताही बुजला. आता तर स्कॅन केलं की संपलं. सुटे पैसे मोजायची वेळच पोरांवर येत नाही.

आणि सावकार गेला म्हणता? आमच्या तालुक्यात आजही लोक 'शेकडा तीन'नं पैसे उचलतात. महिन्याला तीन, म्हणजे वर्षाला छत्तीस! १८७५ च्या त्या दोन पैशांपेक्षा फार वेगळं नाही. बारावी झालेली पोरंसुद्धा हप्ता किती एवढंच विचारतात. एकूण किती फेडायचे, ते विचारत नाहीत.

म्हणून आई-बापांना एवढंच सांगणं. पाढे म्हणून घ्याच, पण तिथंच सोडू नका. पोराच्या हातात शंभराची नोट द्या आणि बाजारात पुढं घाला. पाव किलो मिरची, दीड किलो कांदे, उरले किती, हे त्याला सांगू द्या. चुकलं तर ओरडू नका, परत मोजायला लावा. दहा चिंचोके, एक वही आणि रोजची पंधरा मिनिटं पुरतात. पोरीला तर आवर्जून न्या, घरातली उधारीची वहीसुद्धा तिला तपासू द्या.

पुढच्या रविवारी मी मोबाईल घरी ठेवून जाणार आहे. रांगेत वेळ लागेल, मागचे कुरकुरतील. कुरकुरू देत.